वाचकांचे प्रश्न: ‘सिस्टिम शॉक 2’, गोळ्या मोजा आणि मग दार उघडा

‘सिस्टिम शॉक 2’ हा 1999 साली आलेला खेळ इरॅशनल गेम्स आणि लुकिंग ग्लास स्टुडिओज यांनी मिळून केला. 2025 मध्ये त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती निघाली आणि तेव्हापासून या सदराकडे प्रश्नांची रांग लागली आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साल 2114, ‘फॉन ब्राउन’ नावाचं अंतराळयान, जहाजावरचे बहुतेक लोक एकतर मेलेले किंवा परजीवी किड्यांच्या ताब्यात गेलेले, आणि शरीरात यंत्रं बसवलेले तुम्ही एकटे जागे झालेले. नेमबाजीचा खेळ समजून आलेले बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या तासाला अडकतात. तो मुळात हिशेबाचा खेळ आहे. निवडक प्रश्न घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न: मी नेव्ही हा सैनिकी गट घेऊन खेळ सुरू केला. मिळालेली सायबर मॉड्यूल्स (कौशल्यं वाढवायचे गुण) पिस्तुलात, थोडी हॅकिंगमध्ये, थोडी ताकदीत, थोडी एनर्जी शस्त्रांत अशी वाटली. आता हायड्रोपोनिक्सच्या डेकवर एकही लढाई जिंकता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू का?

उत्तर: करा, पण आधी चूक कुठे झाली ते समजून घ्या, नाहीतर तीच पुन्हा होईल.

या खेळात शत्रू मारून काहीच शिकता येत नाही. मॉड्यूल्स मिळतात ती ठरवून दिलेली कामं पुरी केल्यावर किंवा जहाजावर इकडेतिकडे पडलेली सापडल्यावर. म्हणजे संपूर्ण खेळात तुमच्या हाती पडणारी मॉड्यूल्स मर्यादित आहेत आणि शंभर हायब्रिड (किड्यांच्या ताब्यातली माणसं) जास्त मारले म्हणून त्यात एकाचीही भर पडत नाही. वर प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग. चार ठिकाणी पहिली पायरी चढणारा माणूस स्वस्तात खूप काही शिकल्यासारखा दिसतो. पण पुढच्या डेकवरचे शत्रू पहिल्या पायरीला जुमानत नाहीत.

शस्त्रांना उंबरठे आहेत, म्हणजे शाखेच्या ठरावीक पायरीलाच ठरावीक शस्त्र हाती घेता येतं. स्टँडर्ड 1 ला पिस्तूल, 3 ला शॉटगन, 6 ला असॉल्ट रायफल. एनर्जीत 1 ला लेसर पिस्तूल, 4 ला लेसर रेपियर, 6 ला ईएमपी रायफल. हेवीत 1 ला ग्रेनेड लाँचर, 3 ला स्टॅसिस फील्ड जनरेटर, 6 ला फ्यूजन कॅनन. एक्झॉटिकमध्ये 1 ला क्रिस्टल शार्ड, 4 ला व्हायरल प्रोलिफरेटर, 6 ला ॲनेलिड लाँचर. आता एक गंमत बघा. स्टँडर्ड 4 आणि 5 घेऊन तुम्हाला एकही नवं शस्त्र मिळत नाही, पण त्या पायऱ्या वाया जात नाहीत. शस्त्राच्या उंबरठ्याच्या वरची प्रत्येक पायरी त्या शस्त्राच्या माऱ्यात सुमारे 15 टक्के भर घालते. स्टँडर्ड 6 असलेल्या माणसाच्या हातातलं साधं पिस्तूल स्टँडर्ड 1 वाल्याच्या पिस्तुलापेक्षा बरंच जोरात चालतं. म्हणून एका शाखेत खोल जाणं फायद्याचं.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला आमची शिफारस अशी: नेव्हीच घ्या. शस्त्र एकच, स्टँडर्ड. बाकी तीन शाखांना हातसुद्धा लावू नका. हॅक लवकर 3 पर्यंत न्या, मेन्टेन (शस्त्रांची निगा) किमान 1, ताकद 2, कारण हलकं चिलखत घालायला 2 लागते, मधल्याला 4, जडाला 6. एन्ड्युरन्स जमेल तशी. यातून काही उरलं तर ते स्टँडर्ड 6 साठी साठवा. मॉड्यूल हातात आलं की खर्चलंच पाहिजे, असा काही नियम नाही. यंत्रासमोर उभं राहून ‘काहीतरी घेऊया’ म्हणत केलेली खरेदी पुढे नडते.

मरीन घ्यायचं ठरवलंत तर सुरुवात सोपी जाते; मात्र हॅक नसल्यामुळे कुलूपबंद पेट्या आणि स्वस्त खरेदी दोन्ही हातची जातात. ओएसए, म्हणजे मनःशक्ती (साय) वापरणारा गट, ही सर्वांत वेगळी वाट. तिचा प्रश्न पुढे घेतला आहे.

प्रश्न: पिस्तूल ऐन लढाईत बंद पडतं. नवं घेतलं तरी तेच. हा बग आहे का?

उत्तर: बग नाही. शस्त्र झिजतं. 10 म्हणजे ठणठणीत. प्रत्येक गोळीमागे आकडा हळूहळू उतरतो आणि खाली गेल्यावर कुठलीही गोळी झाडताना शस्त्र मोडू शकतं. मोडलं की पुन्हा चालू करायला रिपेअरचं कौशल्य किंवा ऑटो-रिपेअर युनिट लागतं. मोडण्याआधी त्याची निगा राखायला मेन्टेनचं कौशल्य आणि मेन्टेनन्स टूल. रिपेअर आणि मेन्टेन ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि निम्मे लोक इथेच चुकतात: ‘रिपेअर घेतलंय, टूल का चालत नाही?’ असं विचारणारी पाच पत्रं या महिन्यात आली.

दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर मेन्टेन घ्या. एक टूल एका वेळी आकडा ठरावीक इतकाच वर नेतं. कौशल्य जितकं जास्त तितकी उडी मोठी. म्हणून 9 वर असताना टूल लावू नका, उडीचा बराचसा भाग वाया जातो. 5 च्या आसपास आलं की लावा. 3 च्या खाली जाऊ देऊ नका.

झिजेवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाना. सुरुवातीला हाती येतो तो पाना, तसंच लेसर रेपियर आणि क्रिस्टल शार्ड, यांतलं काहीही झिजत नाही. एकटादुकटा शत्रू, पिंपं, कॅमेरे यांच्यासाठी पाना. पिस्तूल फक्त जिथे दुसरा मार्ग नाही तिथे. आणि पिस्तुलाचा तीन गोळ्यांचा बर्स्ट बंद ठेवा. मॅगझिन 12 गोळ्यांचं, म्हणजे चार वेळा बोट दाबलं की रिकामं, आणि झीज तिप्पट.

शॉटगनवाले हायब्रिड मेले की त्यांच्या बंदुका मोडक्याच सापडतात. त्या उचलून पाठीवर वाहू नका, इन्व्हेंटरीत उभ्या तीन चौकटी खातात. आत काडतूस शिल्लक असेल तर अनलोड करून घ्या आणि बंदूक तिथेच टाका. दिसायला किरकोळ वाटतं, पण पहिल्या दोन डेकवर मिळणाऱ्या काडतुसांचा मोठा वाटा असाच जमतो.

झीज फारच जाचत असेल तर खेळाच्या पॅचनंतर सेटिंगच्या फाइलीतून तिचा वेग कमी करता येतो. आमचं मत विचाराल तर पहिल्या खेळात करू नका. भीतीचा अर्धा भाग त्या आकड्यात आहे.

प्रश्न: हॅकिंगचं कोडं नशिबाचंच आहे का? मी दहापैकी आठ वेळा हरतो आणि नॅनाइट (खेळातलं चलन) संपतात.

उत्तर: नशीब आहे, पण क्लिक कुठे करायचं हे तुमच्या हातात आहे, आणि तिथेच बहुतेकांचं नुकसान होतं.

आधी पटल नीट वाचा. जाळीत बिंदू दिलेले असतात. एका सरळ ओळीत सलग तीन पेटले की काम फत्ते. क्लिक केलेला बिंदू एकतर पेटतो किंवा मरतो. पॅनलवर काठिण्याचे टक्के लिहिलेले असतात आणि त्यातून तुमचं हॅक कौशल्य आणि सायबर-ॲफिनिटी वजा केलेली असते. समजा शेवटी 40 उरले, तर प्रत्येक क्लिकला पेटण्याची शक्यता 60.

आता सुटी तीन बिंदूंची ओळ घेतलीत तर तिन्ही पेटण्याची शक्यता 0.6 गुणिले 0.6 गुणिले 0.6, म्हणजे जेमतेम 22 टक्के. हीच चार बिंदूंची ओळ असेल तर आधी मधले दोन दाबा, कारण तेच दोघं दोन्ही त्रिकुटांत येतात. ते पेटले (36 टक्के), की मग डावा किंवा उजवा, दोघांपैकी कुठलाही एक पुरतो आणि तो मिळण्याची शक्यता 84 टक्के. एकूण 30 टक्के. त्याच पटलावर, त्याच कौशल्यावर 22 चे 30 झाले, फक्त लांब ओळ निवडून. काठिण्य 20 वर आलं की हेच आकडे 51 आणि 61 होतात. म्हणून सुरू करण्याआधी लांबलचक ओळी आणि एकमेकींना छेदणाऱ्या जागा शोधा. टोकापासून सुरुवात करू नका.

दुसरी गोष्ट, धोक्याचे म्हणजे आयसीई बिंदू. साधा बिंदू मेला तर फक्त ती ओळ गेली. पैसे भरून पुन्हा मांडता येतं. आयसीई बिंदू मेला तर ती वस्तूच बिघडते. शक्यतो त्यांना टाळा. टाळता येत नसेल तर तो बिंदू सर्वांत शेवटी दाबा. का? वरच्याच 60 टक्क्यांच्या उदाहरणात आयसीई पहिल्यांदा दाबलात तर बिघाडाची शक्यता 40 टक्के. आधीचे दोन पेटले तरच तो दाबलात तर बिघाडाची शक्यता 0.36 गुणिले 0.4, म्हणजे सुमारे 14 टक्के. जिंकण्याची शक्यता दोन्हीकडे तीच, 22. नुकसानीचा धोका मात्र जवळपास एक तृतीयांशावर आला.

आणि सर्वांत महत्त्वाचं, हॅक करताना खेळ थांबत नाही. तुम्ही बिंदू मोजत असता तेव्हा मागून येणारा तुमच्याकडे बघत असतो. दोन्ही दारं तपासा, पायांचा आवाज येत नाही ना ते ऐका, पाठ भिंतीला लावा आणि मगच पॅनल उघडा. हाच नियम इन्व्हेंटरी उघडताना आणि नोंदी वाचताना.

आइस-पिक नावाची वस्तू सापडली तर ती कुठल्याही कुलपावर निर्धोक चालते. पहिल्या पेटीवर उधळू नका. जे कुलूप तुमच्या कौशल्याच्या बाहेर आहे, त्यासाठी ठेवा.

नॅनाइटचं म्हणाल, तर रेप्लिकेटर, म्हणजे वस्तू विकणारी यंत्रं, हॅक करा. एकदा हॅक केलेल्या रेप्लिकेटरचे भाव उतरतात आणि माल बदलतो. तिथे घातलेले नॅनाइट दोन-तीन खरेद्यांत वसूल होतात. पेट्या दुय्यम.

प्रत्येक अपयशानंतर जुना सेव्ह उघडणाऱ्यांना एवढंच सांगू, की मग हॅक कौशल्यावर मॉड्यूल्स का घालवता?

प्रश्न: पाना घेऊन पाइपवाल्या हायब्रिडशी लढताना अर्धं आयुष्य जातं.

उत्तर: तुम्ही त्याच्या जवळ उभं राहून मारामारी करता आहात. त्याचा वार सुरू होतो तेव्हा हात मागे जातो. त्या क्षणी एक पाऊल मागे घ्या. पाइप समोरून रिकामा फिरतो. आता एक पाऊल पुढे, एक घाव, लगेच मागे. दोन घाव घालायचा मोह होतो आणि दुसरा घाव घालताना पाइप डोक्यात बसतो. एक घाव, मागे, एक घाव, मागे. कंटाळवाणं आहे, पण रक्त जात नाही.

मागे जायला जागा हवी, म्हणून अरुंद खोलीत शिरून त्याला गाठू नका. त्याला तुमच्याकडे यायला लावा, तुम्ही लांब मार्गिकेत उभे राहा. हायब्रिड स्वतःशी बडबडत फिरतात, त्यामुळे भिंतीपलीकडे आहेत हे आधी कळतं. ताकदीची पायरी वाढली की पान्याचा घावही जड होतो.

शॉटगनवाला असेल तर उलट. मोकळ्यावर लांबून त्याच्याशी बंदूकबाजी म्हणजे घाटा. कोपऱ्याआड थांबा, तो वळून जवळ येऊ दे, मग पाना.

प्रोटोकॉल ड्रॉइडला मात्र पाना कधीच नको. अदबीने बोलत जवळ येतो आणि तुमच्यापाशी फुटतो. लांबून, चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांनी.

प्रश्न: गोळ्यांचे तीन प्रकार आहेत. मी सगळ्या मिसळून वापरतो, फरक कळत नाही.

उत्तर: फरक मोठा आहे. स्टँडर्ड गोळी कुठेही चालते, कुठेही विशेष नाही. आर्मर-पिअर्सिंग रोबोट आणि टरेट, म्हणजे जागेवरच्या स्वयंचलित बंदुका, यांच्यासाठी. अँटी-पर्सनेल मांसाच्या शत्रूंसाठी, रोबोटवर जवळपास फुकट. अँटी-पर्सनेल हायब्रिडवर वाया घालवू नका, ते पान्याने मरतात. ती रम्बलर नावाच्या दांडग्या शत्रूसाठी राखा. रोबोटवर एनर्जी शस्त्रं आणि ईएमपी सरस, मांसावर तीच शस्त्रं फिकी.

गोळ्या बदलायला एक-दोन सेकंद लागतात. टरेटसमोर उभं राहून गोळ्या बदलणारे पाहिले आहेत. आधी बदला, मग वळणावरून डोकवा.

प्रश्न: अलार्म वाजला की शत्रूंची झुंड येते. कॅमेरा दिसला की पळावं का?

उत्तर: पळून उपयोग नाही, कॅमेऱ्याचा रंग बघा. हिरवा म्हणजे तो नुसता फिरतोय. पिवळा म्हणजे तुम्ही दिसलात, पण काही क्षण हातात आहेत. लाल म्हणजे संपलं, अलार्म सुरू. पिवळा होताच एकतर त्याच्या नजरेच्या बाहेर जा किंवा फोडा. कॅमेरा थोड्या गोळ्यांत फुटतो, हाताला लागत असेल तर पान्यानेही. त्याची मान फिरत असते. पाठ वळली की खाली पोहोचा आणि तिथून मारा.

प्रत्येक डेकवर सुरक्षा संगणक असतो. तो हॅक केलात तर ठरावीक वेळ कॅमेरे आंधळे. घड्याळ पडद्यावर दिसतं. हा वेळ मोठ्या खोल्या आणि पेट्या उरकायला वापरा. घड्याळ संपत आलं की कॅमेऱ्याच्या टापूत उभं राहू नका. अलार्म वाजलाच, तर लढत बसण्यापेक्षा त्याच संगणकाकडे धाव घेणं बरं, अट इतकीच की तो कुठे आहे ते आधीच पाहून ठेवलेलं हवं. नव्या डेकवर उतरल्यावर आमचा पहिला शोध त्याचाच असतो, दुसरा पुनरुज्जीवन यंत्राचा.

प्रश्न: पुनरुज्जीवन यंत्र म्हणजे काय? मी मेलो तर थेट खेळ संपतो.

उत्तर: प्रत्येक डेकवरचं यंत्र तुम्ही स्वतः जाऊन सुरू करावं लागतं. सुरू केलेलं असलं आणि खिशात पुरेसे नॅनाइट असले, तर तिथे पुन्हा उभे राहता. सुरू केलेलं नसेल तर सेव्ह उघडा. शेवटचे नॅनाइट रेप्लिकेटरमध्ये ओतू नका, एवढंच.

प्रश्न: ओएसए घेतला. शक्ती जोरात वापरायला गेलो की मीच जखमी होतो.

उत्तर: सायॲम्प (मनःशक्ती वापरायचं यंत्र) हातात असताना बटण दाबून धरलं की पट्टी भरत जाते. ती शेवटच्या टप्प्यात असताना सोडलीत तर त्या एका वापरापुरती तुमची साय क्षमता 2 ने वाढल्यासारखी मोजली जाते. सोडायला उशीर केलात तर शक्ती उलटते आणि मार तुम्हाला बसतो. त्यामुळे सराव लढाईत करू नका. रिकाम्या खोलीत आठ-दहा वेळा करा, पट्टीच्या वेगाची बोटांना सवय लागते.

शक्ती पाच स्तरांत, प्रत्येक स्तरात सात, एकूण 35. सगळ्या घ्यायला मॉड्यूल्स पुरत नाहीत आणि घेऊही नयेत. पहिल्या स्तरात क्रायोकायनेसिस हे तुमचं पिस्तूल, ते हवंच. दुसऱ्या स्तरात दोन गोष्टी कामाच्या: स्वतःच्या जखमा भरणारं सेरेब्रो-स्टिम्युलेटेड रीजनरेशन, आणि अँटी-एन्ट्रॉपिक फील्ड, जे चालू असेपर्यंत शस्त्र झिजत नाही. तिसऱ्याकडे घाई करण्यापेक्षा साय हाच आकडा वाढवा. प्रत्येक शक्तीचा कालावधी किंवा जोर त्यावर अवलंबून असतो आणि साय गुणांची टाकीही मोठी होते.

साय हायपो, म्हणजे साय गुण भरून देणारी इंजेक्शनं, जपून वापरा. ओएसएच्या माणसाला गोळ्यांइतकाच त्यांचा तुटवडा भासतो. पाना इथेही सोबत ठेवायचाच आहे.

प्रश्न: संशोधनात रसायन मागतात आणि काम थांबतं. माकडाचा मेंदू अर्धवट पडून आहे.

उत्तर: अवयव किंवा अनोळखी वस्तू संशोधनात टाकलीत, रिसर्चचं कौशल्य पुरेसं असेल तर काम मागे आपोआप चालू राहतं, तुम्ही फिरू शकता. मध्येच एखादं रसायन लागलं की ते थांबतं, नाव पडद्यावर येतं. रसायनं डेकवरच्या रसायन कोठारात असतात. प्रत्येक कोठाराची यादीही मिळते, ती घेऊन ठेवा. कुठल्या डेकवर ॲन्टिमनी आहे आणि कुठल्यावर यिट्रियम हे परत जाऊन बघावं लागत नाही. खोळंबलेल्या कामासाठी सगळं कोठार खिशात भरू नका, जागा अडते.

फळ काय मिळतं? त्या जातीच्या शत्रूविरुद्ध तुमच्या माऱ्यात कायमची 25 टक्के भर. चार गोळ्यांत मरणारा तीन-सव्वातीन गोळ्यांत मरतो, असं समजा. एकदाच केलेल्या कामातून खेळ संपेपर्यंत वाचत राहणाऱ्या गोळ्या, दुसरं कुठलं कौशल्य देत नाही. कौशल्य एका पायरीने कमी पडत असेल तर लॅबअसिस्टंट इम्प्लांट लावा आणि काम पूर्ण होईपर्यंत काढू नका. इम्प्लांट चार्ज खातं, चार्जिंग स्टेशन जवळ असेल तेव्हाच हे करा.

प्रश्न: ओएस अपग्रेडची यादी बघून गोंधळ होतो. कोणते चार घ्यावेत?

उत्तर: 16 कायमस्वरूपी सुधारणांपैकी चारच, आणि एकदा घेतलेलं परत होत नाही.

बंदुकीवर जाणाऱ्यासाठी शार्पशूटर हे ठरलेलं, 15 टक्के मारा वाढतो. रेप्लिकेटर एक्सपर्टने खरेदी 20 टक्के स्वस्त होते. खेळाच्या सुरुवातीला घेतलंत तर फायदा, शेवटी घेणं म्हणजे मॉल बंद होताना सूट शोधणं. सायबरनेटिकली एन्हान्स्ड घेतलंत की एकाऐवजी दोन इम्प्लांट चालतात. चौथं म्हणून पॅक-रॅट, त्याने सामानाला जादा जागा मिळते.

नॅचरली एबल 8 मॉड्यूल्स हातात देतं आणि त्यामुळे नव्या खेळाडूंना भुरळ घालतं. आठ मॉड्यूल्स पहिल्या डेकवर मोठी वाटतात, तिसऱ्या डेकवर एक पायरीही नीट चढत नाहीत. टँक 5 आयुष्य गुण देतं. अवघड पातळीवर आयुष्य मुळातच थोडं असतं, तिथे त्याचा विचार करा, बाकी वेळी नको. साय घेणाऱ्याने पॉवर साय बघावं. स्पेशली अवेअर नकाशा भरून देतं. नकाशा चालून भरता येतो, त्यावर जागा खर्च करू नका.

प्रश्न: रिकामी केलेली खोली पुन्हा शत्रूंनी भरते. मग साफ करून फायदा काय?

उत्तर: जवळपास नाही. जहाज थोड्या थोड्या वेळाने पुन्हा भरतं. मारून मॉड्यूल मिळत नसल्यामुळे तुमचा तोटाच होतो. एका डेकवर ये-जा किती वेळा होते ते मोजा. आधी काय काय करायचं आहे ते ठरवा आणि एका फेरीत उरका. अंडी असलेल्या खोलीतून थव्याने किडे उठले तर गोळ्या झाडू नका, बाहेर पळा, दार बंद करा. थवा थोड्याच वेळात आपोआप मरतो.

प्रश्न: किरणोत्सर्गाच्या खोलीतून बाहेर आल्यावरही आयुष्य उतरत राहतं.

उत्तर: शरीरात साठलेला किरणोत्सर्ग खोलीबाहेर आल्यावरही काम करत राहतो. अँटी-रॅड हायपो घ्या किंवा शॉवर असेल तर त्याखाली उभे राहा. विषाला वेगळा हायपो, अँटी-टॉक्सिन. मेड हायपो घेऊन दोन्ही सुटत नाहीत. तो नुसता गळक्या बादलीत पाणी ओततो.

प्रश्न: तरंगणारा, चेहरा नसलेल्या भुतासारखा शत्रू मारला, तर तो काही क्षणांनी परत उभा. किती गोळ्या लागतात?

उत्तर: साय रीव्हरचं बोलताय. समोर दिसतं ते प्रक्षेपण, कितीही मारा, परत येईल. खरा मेंदू त्याच भागात जवळपास दडवलेला असतो, बहुधा बाजूच्या कोनाड्यात किंवा वरच्या कठड्यामागे. प्रक्षेपण पाडलंत की परत येईपर्यंत जो अवधी मिळतो, तो शोधायला वापरा. मेंदू सापडला की पान्याचे दोन-चार घाव पुरतात.